कोरडे तांदूळ

आमच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत पितळेचा बिल्ला होता. माझ्या पणजोबांच्या पट्ट्यावरचा. त्यावर राणीचा मुकुट आहे असं आजोबा सांगायचे, पण आम्ही पाहिला तेव्हा मुकुटाच्या जागी नुसता उंचवटा उरला होता. माय दर पोळ्याला चिंच लावून गडवे घासायची, त्यात बिल्लाही घासून काढायची. बाबा ओरडायचे, "अवं, इंग्रजायनं नाई झिजवला तेवढा तू झिजवून राहिली."

पणजोबा गावचे राखणदार, आजोबा कोटवार, म्हणजे गावचे सरकारी चौकीदार, आणि माझे बाबाही कोटवार. गाव सौसर तहसिलीतलं, लोधीखेड्याच्या रस्त्यावरून आत वळलं की लागणारं. नाव सांगत नाही. त्या गोष्टीतली माणसं अजून आहेत आणि मला अजून तिथे लग्नाकार्याला जावं लागतं.

आजोबांची एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ होती. राणीच्या राज्यात गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, घरफोडी झाली. रीत अशी, की चोर सापडला नाही तर राखणदारानं भरून द्यायचं. पणजोबा माग काढत निघाले. पाऊल शिवेपार गेलं की पुढच्या गावच्या राखणदाराची डोकेदुखी, शिवेच्या आत हरवलं की आपली. ते पाऊल नाल्याच्या पाण्यात हरवलं, शिवेच्या वीस हात अलीकडे. मग मारुतीच्या पारावर मंतरलेले तांदूळ चावायला दिले. खऱ्या माणसाचे तांदूळ तोंडात भिजतात, चोराचे कोरडे राहतात, हा त्या काळचा इन्साफ. पणजोबांचे कोरडे निघाले. त्यांना पारामागच्या चिंचेला दोन दिवस बांधून ठेवलं, आणि घरातली एकुलती एक गाय मालगुजाराच्या गोठ्यात गेली.

आजोबा हे सगळं काऊ-चिऊची गोष्ट सांगावी तसं सांगत. 'कोरडे निघाले' इथपर्यंत आलं की बाबा उठून बाहेर जात. मला वाटायचं त्यांना कंटाळा येतो. मी मोठी शहाणी होते तेव्हा.

साहेब लोकांच्या राज्यात चोऱ्या फार होत असणार, कारण त्यांनी चोरांच्या याद्याही फार केल्या. घराघरात शिरून चोर शोधणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून त्यांनी जातीच्या जातीच कागदावर उतरवल्या. अमक्या जातीत जन्मला तो चोर, त्यानं रोज हजेरी द्यावी, विचारल्याशिवाय गाव सोडू नये. तो कायदा देश स्वतंत्र झाल्यावर गेला. गावाच्या डोक्यातून तो गेला नव्हता, हे मी एकोणीसशे ऐंशीनंतरच्या वर्षांचं सांगते आहे.

बाबांना अक्षर येत नव्हतं. कोटवाराचं काम मात्र निम्मं अक्षराचं असतं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कुणाचं ढोर दगावलं, कोण नवा माणूस राहायला आला, हे सगळं एका लांबट किताबीत लिहून दर पंधरवड्याला ठाण्यावर दाखवायचं. मी सहावीत गेल्यापासून ती किताब मीच लिहायची. पुढे सौसरला जाऊन मॅट्रिक झाले, मास्तरकीचा अर्ज केला आणि हुकूम येईपर्यंत घरी बसले. एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, आणि रागीट. आमच्या घरानं धम्म घेतला त्यालाही पंचवीसेक वर्षं झाली होती. तरी गावाच्या लेखी आम्ही कोटवाराचे. मेलेलं ढोर ओढणं बाबांनी कधीच सोडलं होतं, पण पंगतीनंतरची पत्रावळ कुणी उचलायची असा प्रश्न आला की सगळ्यांच्या माना आपोआप आमच्या घराकडे वळत.

गावाच्या टोकाला, नाल्याच्या काठी एका पारध्याची झोपडी होती. नवरा, बायको, सहाएक वर्षांची पोरगी आणि एक चिडकं कुत्रं. तो तितर-बटेर धरायचा आणि शिंदीच्या पानांचे झाडू बांधून विकायचा. गावातले प्रतिष्ठित लोक दिवस मावळता त्याच्याकडून बटेर घेत आणि घरी गेल्यावर त्याच्याच नावानं कडी लावत. त्याच्या आजाला इंग्रजांच्या ठाण्यावर हजेरी द्यावी लागे. ते तो हसून सांगायचा, "माह्या आज्याचं नाव रोज सरकारच्या किताबीत चढे. एवढा मोठा मानूस होता थो!"

त्या जुलैमध्ये त्याच्या पोरीला मीच शाळेत घातलं. मास्तर म्हणाले, जन्मतारखेचा दाखला आण. किताबीत तिचं नाव असणार कुठून, ती कुठल्या तरी रानात जन्मली होती. तिच्या आईनं सांगितलं, "मोहफुलं पडून राहिले होते तवा झाली." मी मोहाच्या हंगामातली एक तारीख धरली, सहा वर्षं मागे गेले आणि किताबीच्या शेवटच्या पानावर तिचं नाव, बापाचं नाव, गाव, असं ठसठशीत लिहून टाकलं. मास्तरांनी ते पाहून पोरीला पहिलीत घेतलं. ती माझी पहिली खोटी नोंद. तिचा मला आजही अभिमान आहे.

त्याच वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत चोरांची आवई उठली. पांढुर्ण्याकडच्या गावांत भरदिवसा भांडी जातात, असं कुणी बाजारातून ऐकून आलं. वेचणीला सगळं गाव रानात असतं. घराला कुलूप, किल्ली कोनाड्यात, आणि कुणाची किल्ली कुठल्या कोनाड्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अशात एके संध्याकाळी मालगुजाराच्या घरून बोंब उठली. मालगुजारी कधीच गेली होती, पण त्या घराला गाव अजून मालगुजाराचंच घर म्हणे आणि घरच्या कर्त्याला मालक. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. तिच्या आंदणासाठी पांढुर्ण्याहून आणलेले दोन पितळी गुंड आणि एक तांब्याचा हंडा, पाणीसुद्धा न लागलेले, जागेवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक झाली. बाबा म्हणाले, ठाण्यावर रपट देऊ. मालक म्हणाले, "ठानेवाले येतीन, चहा पितीन, जातीन. भांडे येतीन का? जाणत्याले बोलवा. तांदूळ चावू द्या सगळ्यायले."

"मालक, आता कोन मानते जी हे?" बाबा इतकंच बोलू शकले.

"तुह्या आज्याच्या वक्ताले मानत होते ना?" मालक हसून म्हणाले, आणि पारावरचे दोन-चार जणही हसले. गावाला गोष्टी फार लक्षात राहतात. मी भिंतीशी उभी होते, माझ्या अंगाची लाही लाही झाली.

संशयित म्हणून आठ जण ठरले. मालकांचे गडी, पाणी भरणारी बाई, वेचणीला न गेलेले दोन टवाळ, पारधी, आणि कोटवार. कोटवार कशाला? तर राखणदाराची परीक्षा आधी, ही जुनी चाल. शिवाय आणखी एक चाल होती. चावलेले तांदूळ ज्या पळसाच्या पानावर थुंकायचे, ते पान उचलून जाणत्यापुढे न्यायचं काम कोटवाराचं. दुसऱ्याचं उष्टं कोण उचलणार? पण यंदा कोटवार स्वतःच ओळीत. मग मालकांच्या भावानं तोडगा काढला.

"त्याची पोट्टी उचलन की. मॅट्रिक झाली तं काय हात झिजले?"

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. बाबांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. कोटवारकीबरोबर चार एकर सेवाभूमी होती, ती कोटवारकीबरोबरच जाणार होती, आणि घरात माझ्यामागे तीन भावंडं होती. मी तोंड मिटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे पारासमोर बसले. बाबांना तांदूळ पहिले मिळायचे, बसायची जागा मात्र ओळीच्या शेवटी. त्यांच्याही पलीकडे, दोन हात जागा सोडून, पारधी. जाणता, म्हणजे मांत्रिक, कुठल्याशा गावाहून आला होता. त्यानं तांदळावर फुंकर घातली, आणि एकेकाच्या तळहातावर वरूनच चिमूट टाकत गेला. मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात या सगळ्यांना शाळा शिकवत होते. भीतीनं तोंडाची लाळ सुकते, एवढंच यातलं विज्ञान. चोर घाबरतो म्हणून त्याचे तांदूळ कोरडे. पण घाबरणारा प्रत्येक माणूस चोर असतो का? आणि कोडगा चोर असला तर? हे सगळं मला उत्तम कळत होतं.

मग मी बाबांकडे पाहिलं. ते चावत होते आणि त्यांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम होता. मला एकदम कळलं की आजोबांच्या गोष्टीतून ते उठून का जात. ज्या चिंचेला त्यांच्या आजाला बांधलं होतं, ती त्यांच्या अगदी समोर होती. धम्म घेतला, मंत्र-तंत्र सोडले, घरातले देव नाल्यात सोडून आले. त्यांच्या डोक्याला सगळं पटलं होतं. तोंडाला पटलं नव्हतं.

जाणता "बस" म्हणाला. सगळे आपापल्या पानावर थुंकले. मी दोन-दोन पानं उचलून नेऊ लागले, एक या हातात, एक त्या हातात. कुणाचं कोणतं हे मी सांगायचं. पहिल्या तीन खेपांतली सहाही पानं ओली. चौथ्या खेपेला बाबांचं पान उजव्या हातात घेतलं. पांढरे खडखडीत तांदूळ, जसे तोंडात गेले तसे बाहेर आलेले. पारध्याचं डाव्या हातात घेतलं. ओला, पिठूळ लगदा, पण निम्माच. बाकीचे कुठे गेले, हा विचारही मला तेव्हा शिवला नाही. माझं सगळं लक्ष उजव्या हाताकडे होतं.

तिथून पारापर्यंत वीस पावलं असतील. पाठ सगळ्यांकडे होती. मला गाय दिसली, चार एकर दिसले, चिंच दिसली. पोरगी, तिची शाळा, झोपडी यांपैकी काहीही दिसलं नाही. खोटं कशाला बोलू?

"कोनाचं कोनतं?" जाणत्यानं विचारलं.

मी डावा हात पुढे केला. "हे बाबाचं." मग उजवा. "हे त्याचं."

पानं मी बदलली नाहीत. नुसते दोन शब्द बदलले.

जाणत्यानं डाव्या हातातलं पान निरखलं. "कोटवाराचे अर्धेच दिसून राहिले."

"सांडले असतील," मी म्हणाले.

"भूक लागली असन कोटवाराले!" कुणीतरी ओरडलं, आणि पारावर हशा पिकला. मालक म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाई. पाहा पारध्याचं पान." सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मनातलं चांदणं कुणाला दिसलं नाही.

मी बाबांकडे वळून पाहायचं टाळलं, पण किती वेळ टाळणार? ते जमिनीकडे पाहत होते. स्वतःच्या तोंडातले तांदूळ ओले की कोरडे, हे माणसाला दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. पारधी मात्र सरळ माझ्याकडे पाहत होता. तो रागावलेला नव्हता. आपल्याला माहीत असलेली गोष्ट पुन्हा एकदा खरी ठरली, असा काहीसा चेहरा होता. 

पंचांनी मागून ठरवलं, येत्या बाजाराच्या आत भांडी आण, नाहीतर गाव सोड. हे सांगायला झोपडीवर पुन्हा कोटवारच गेला, ते त्याचं कामच. बाबा गेले आणि बऱ्याच वेळानं आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी झोपडीच्या जागी चुलीचे तीन दगड होते. आमच्या ओट्यावर पाटी ठेवलेली होती. पोरीला शाळेसाठी मीच दिलेली, कोपरा फुटलेली पाटी. तिच्या आईनं ती पुसून, पालथी घालून ठेवली होती. नेली असती तर तीही चोरी ठरली असती.

त्या दुपारी मी किताब काढली, शेवटचं पान उघडलं आणि पोरीच्या नावावर रेघ मारली. पुढे लिहिलं, 'गाव सोडून गेले.' असं लिहायची काही गरज नव्हती, कुणी सांगितलंही नव्हतं. ते नाव मला पाहवत नव्हतं, एवढंच. बाबांनी पाहिलं.

"हे काय करून राहिली?"

"चूक झाली होती. दुरुस्त केली."

 त्यांना अक्षर येत नव्हतं, पण रेघ समजत होती.

माघात भाव चढला तसा मालकांनी कापूस पांढुर्ण्याला न्यायला काढला. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, खोली आढ्यापर्यंत गच्च. गडी कापूस उपसून बैलबंडीत भरत होते, तर तळाशी आल्यावर आतून ठण्णकन आवाज आला. दोन गुंड आणि एक हंडा, जसेच्या तसे, कापसाच्या उबेत बसलेले.

मालकांची म्हातारी आई त्याच आठवड्यात सौसरहून परतली होती. वेचणीच्या दिवसांत, भांडी गेली त्याच दुपारी, तिला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे नेलं होतं आणि ती तिथेच राहिली होती. ती हिरवी पट्टी वर करून म्हणाली, "म्याच तं ठेवले. चोरं फिरून राहिले म्हनून. घरात कोनी नोयतं, म्हटलं कापसात कोन हात घालते! मले इचारलं का कोनी?"

कुणीच विचारलं नव्हतं. गावातल्या आठ जणांच्या तोंडात तांदूळ घातले, पण घरातल्या माणसाला विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. चोरी बाहेरचाच करणार, हे आधीच ठरलेलं. त्या दिवशी गाव पोट धरून हसलं. पारध्याचा विषय निघाला तेव्हा मालकांचे भाऊ म्हणाले, "ही नसन केली त्यानं. पन कवातरी केलीच असन ना?" चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता, तरी फाशी देऊन मोकळे झाले होते.

संध्याकाळी बाबांनी पट्टा बांधला, काठी घेतली आणि मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायला निघाले. कुणी सांगितलेलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं ओरडत आलेला तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं ओरडला, "आयका हो! मालकाचे भांडे मालकाच्याच घरी सापडले! पारध्यानं चोरी केली नोयती हो!" गल्लीगल्लीत तीनदा. मालकांनी दारातून पाहिलं आणि आत गेले. बाबा घरी आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

जेवताना ते मला म्हणाले, "थो कोरडा तांदूळ माह्या तोंडातला होता."

"हो," मी म्हणाले.

"मी तवाच उठाले पाहिजे होतं. तू लहान हायस. मी नाई."

मला रडू फुटलं. एकोणीस म्हणजे काही लहान नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होतं. मग ते म्हणाले, "त्याले पाहू. सापडते का."

आम्ही त्याला बाजारांमधून शोधत फिरलो. लोधीखेड्याचा बाजार पाहिला, सौसरचा पाहिला, एकदा पांढुर्ण्यापर्यंत जाऊन आलो. कुठे कुणी सांगे, नाल्यावर डेरे होते, परवाच गेले. शेवटी चैत्रातल्या एका शनिवारी जामसावळीला गेलो. मारुतीच्या दर्शनाला तिथे शनिवारी ही गर्दी. बाबा देवळात गेले नाहीत, रस्त्याकडेच्या दुकानांमधून चालत राहिले. नारळवाल्यांची रांग संपते तिथे, उन्हात, तो झाडू मांडून बसला होता. बायको बाजूला, आणि पोरगी गिऱ्हाइकांना हाका मारत होती. तिनं मला ओळखलं आणि आईच्या मागे झाली.

"बसा कोटवार भाऊ," तो म्हणाला, जणू काल भेटलो होतो.

बाबा खाली बसले आणि भांडी सापडल्याचं सांगितलं. तो नुसता "असं का" म्हणाला.  मग मीच म्हणाले, जसं जमलं तसं. "काका, त्या दिवशी पानांच्या नावांची अदलाबदल मी केली. कोरडं तुमचं नव्हतं."

"मालूम हाय," तो म्हणाला. "माह्ये तं ओलेच होते, मास्तरीनबाई. भांडे गेल्यापासून गावात कोनी बटेर घेतली नाई, झाडू घेतला नाई. दोन दिस चूल नोयती पेटली. तांदूळ हातावर पडले अन् तोंडाले पानी सुटलं. अर्धे तं गिळूनच टाकले मी."

सांडले असतील, असं मी म्हणाले होते. पारावरचा तो हशा मला जामसावळीच्या भर गर्दीत पुन्हा ऐकू आला.

"मग बोलला का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"मी बोललो असतो तं कोन आयकलं असतं?" तो मला समजावल्यासारखं म्हणाला. "अन् कोटवार भाऊ बोलले नाई, ते मी पायलं. त्यायले बी पोरं हायत."

बाबांनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. परत चला, असं त्यांनी दोन-तीनदा म्हटलं. मी पंचांसमोर सांगतो, पोरीची शाळा आहे. त्यानं मान हलवली. परत यायचं त्याच्या मनात नव्हतं, आणि आम्ही कोणत्या तोंडानं आग्रह करणार होतो? उठताना बाबांनी एक झाडू घेतला आणि पैसे पुढे केले, ते त्यानं घेतले नाहीत. मग थोडं घुटमळून तो माझ्याकडे वळला.

"बाई, एक इचारतो. पोट्टीचं नाव तुमच्या किताबीत हाय ना अजून?"

मी खाली झाडूंकडे पाहिलं.

"तेवढं खोडू नका," तो म्हणाला. "आमच्या घरच्यायचं नाव सरकारी कागदावर चढलं ते हजेरीलेच चढलं. हिचं पहिलं, जन्मली म्हनून चढलं. गाव सुटलं तं सुटलं. ते राहू द्या."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी ती रेघ पाहिली होती. ते माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, "हाय. माह्या पोरीनं तिच्या हातानं लिवलं हाय. कोन खोडते त्याले?"

तो समाधानानं हसला आणि त्यानं पोरीच्या डोक्यावर थापटलं. माझ्यासाठी बाबा खोटं बोलले. मी त्यांच्यासाठी बोलले होते, तसंच, तेवढ्याच सहज.

 बसमध्ये झाडू बाबांच्या मांडीवर होता. घरी आल्यावर हातपाय न धुता मी किताब काढली आणि रेघेच्या खाली तेच नाव, तीच तारीख पुन्हा लिहिली. बाबा कंदील धरून शेजारी बसले होते. लिहून झाल्यावर त्यांनी खोडलेल्या नावावरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे निंगत नाई का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "शाई आहे."